सुन्नाच्या स्कूटरच्या मुठी

सुन्नाच्या उजव्या हाताची बोटं थंडीत पांढरी पडायची. पांढरी म्हणजे अगदी मेणबत्तीसारखी, रक्ताचा थेंब नसल्यासारखी. तेव्हा त्यांना सुई टोचली तरी तिला पत्ता लागत नसे. तंबूत शेकोटीपाशी बसून ती पुन्हा लाल व्हायला लागली की मात्र अशा कळा निघायच्या, की ती दात आवळून धुराकडे बघत राही. तिचा नवरा योव्ना तेवढा वेळ गप्प बसून तिच्या कपात कॉफी ओतायचा. एरवी बडबड्या माणूस, पण त्या वेळी त्याला शहाणपण सुचायचं.

बर्फावर चालणाऱ्या त्या गाडीला पार उत्तरेकडच्या, कौतोकेइनोच्या माळावर सगळे नुसतं स्कूटर म्हणतात. पुढे दोन स्की, मागे फिरणारा रुंद पट्टा, आणि हँडलवर उजव्या अंगठ्यानं दाबायचा अ‍ॅक्सिलरेटर. ती आली आणि रेनडिअरांच्या मागे धापा टाकत पळणं सुटलं, हे खरंच. पण तिनं आपली किंमतही वसूल केली. गोठलेल्या बर्फावरचे हादरे दिवसभर खाऊन योव्नाची पाठ कायमची गेली. आता तो घर बघायचा, मांस सुकवायचा आणि आल्यागेल्याला पाठीच्या कहाण्या सांगायचा. कळपामागे जायची ती सुन्ना. आणि आता सुन्नाची बोटं जायच्या वाटेवर होती.

सुन्ना मूळची कळपवाल्यांतली नव्हे. तिचा बाप नदीकाठी राहायचा, सामन मासे धरायचा आणि लोकांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करून द्यायचा. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला रेनडिअरचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं एवढंच ठाऊक होतं, असं तिचा मोठा दीर इस्सात आजही चारचौघांत सांगतो. ‘नदीवाली’ हे नाव तिला तेव्हा चिकटलं ते सुटलंच नाही. सासूनं, म्हणजे गारेननं, तिला लग्नात थोड्या माद्या दिल्या आणि जनावर कुणाचं ते कळावं म्हणून कानावर कापायची एक खूण दिली. डाव्या कानाला टोकाशी खाच, उजव्याला मागून दोन. ही खूण कुणा जुन्या मावशीची होती, ती मेल्यापासून पडून राहिली होती. सुन्नानं त्या मूठभर माद्यांचा कळप केला. लांडग्यांतून, बर्फ वितळून पुन्हा गोठणाऱ्या वाईट हिवाळ्यांतून, आणि दिराच्या टोमण्यांतून. इस्सात टोमणे मारायचा, पण माळावर तिच्या खुणेचं जनावर दिसलं की ‘हे आपल्या नदीवालीचं’ असं म्हणून इतरांना बाजूला सारायचा, हेही खोटं नाही.

गेल्या वसंतात घोळ झाला. हिवाळी माळावरून समुद्रकाठच्या कुरणांकडे कळप चालला होता. पोटुशा माद्या शेवटी असतात, आणि त्यांना न दमवता, न घाबरवता पायी चालण्याच्या वेगानं मागून आणणं हे सुन्नाचं काम. एका उतारावर तिचा अंगठा अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच राहिला. तिनं उचलला असं तिला वाटलं. अंगठ्यानं ते ऐकलंच नव्हतं. स्कूटर माद्यांत घुसली. मेलं कुणी नाही, पण कळप फुटला, अर्ध्या माद्या परत दक्षिणेला पळाल्या आणि त्या गोळा करता करता चार घरांच्या माणसांची झोप उडाली.

समुद्रकाठी पोचल्यावर इस्सात सगळ्यांसमोर बोलला. चारही घरांचा कळप एकत्र चालतो आणि त्यात त्याचा शब्द शेवटचा.

“सुन्ना, पुढच्या वसंतापर्यंत तुझे हात ठीक झाले तर उत्तम. नाही झाले तर तू गाडीनं रस्त्यानं ये. तुझी जनावरं मी बघीन.”

“तुमची तुम्हाला कमी आहेत का भाऊजी?”

“मी भल्यासाठी सांगतोय.”

“माहितेय. भल्यासाठीच सगळे सांगतात.”

ती एवढंच बोलली. जो कळपाबरोबर चालत नाही त्याची जनावरं दुसऱ्याच्या हातात जातात. दुसरा माणूस कितीही सरळ असला तरी पाडसांचे कान कापताना स्वतःची खूण आधी आठवते. काही वर्षांत तिची खूण पुन्हा मावशीच्या खुणेसारखी पडून राहिली असती. आणि तिला रस्त्यानं गाडीत बसून पाव आणि कॉफीचे डबे सांभाळत यावं लागलं असतं! तिनं त्याच दिवशी ठरवलं की पुढच्या वसंतात आपण कळपाच्या शेपटाशीच असणार.

हिवाळा सुरू होताच ती दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टरीण तरुण होती, दक्षिणेकडून आलेली, पण मनानं चांगली. तिनं बोटं दाबून पाहिली, गार पाण्यात धरायला लावली, आणि सांगितलं की हादरे आणि थंडी यांनी आतल्या रक्तवाहिन्या हट्टी झाल्यात, थोडा गारवा लागला की मिटून बसतात.

“थंडीत जाऊ नका,” ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघून स्वतःच हसली. “बरं, ते राहू दे. बोटं गार पडू देऊ नका. एकदा पांढरी पडली की मग उपाय नाही. पडायच्या आधीच ऊब हवी.”

सुन्नाला हे पटलं. पडायच्या आधीच ऊब. आणि त्यासाठी स्कूटरच्या हँडलला गरम होणाऱ्या मुठी होत्याच की! रबराच्या आत तारांचं पातळ आवरण, त्याला वीज, डाव्या बाजूला बटण. तिच्या स्कूटरलाही त्या होत्या. फक्त त्या नावालाच गरम व्हायच्या.

लेमेतचं गॅरेज गावाबाहेर पेट्रोल पंपामागे आहे. लेमेत स्वतः कधी कळपामागे गेला नाही, पण कळपामागे जाणाऱ्या सगळ्यांच्या स्कूटरी त्याच्या हाताखालून जातात. त्यानं जास्त ताकदीच्या मुठी बसवून दिल्या, सुन्नाला स्कूटरवर बसवून गोठलेल्या तळ्यावर पिटाळलं, आणि ती परत आली तेव्हा तिचे तळवे लालबुंद झाले होते.

“काय? भाकरी भाजून निघेल की नाही?” लेमेतनं विचारलं.

“निघेल. लोणीही वितळेल.”

ती खुशीत घरी गेली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती कळपाला नव्या कुरणात हलवायला गेली आणि दुपारपर्यंत बोटं पुन्हा मेणबत्त्या झाली. संतापून तिनं स्कूटर थेट गॅरेजच्या दारात आणून उभी केली.

“तुझ्या मुठी लबाड आहेत! तुझ्यासमोर गरम आणि माझ्यामागे गार.”

लेमेतनं सगळं तपासलं. तारा ठीक, बटण ठीक. मग त्यानं विचारलं, “तू चालवतेस कशी?”

“कशी म्हणजे? माद्यांच्या मागे. त्या चालतात तशी.”

लेमेतनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. “तिथंच घोडं अडलं, बाई. या कंपनीवाल्यांना वाटतं माणूस स्कूटर घेतो तो उडवायला. इंजिन जोरात फिरलं की डायनॅमो भरपूर वीज देतो. तू इंजिन गुरगुरत ठेवतेस, मग वीज येणार कुठून? यापेक्षा मोठ्या मुठी लावल्या तर बॅटरी झोपेल आणि तू माळावर बसशील.”

“म्हणजे जेवढी ऊब येते तेवढीच येणार.”

“तेवढीच.”

“मग तेवढीत भागवायला हवं,” सुन्ना म्हणाली.

आता, तिकडच्या माणसाला थंडीवर एकच औषध माहीत असतं: आणखी कातडं. पाय गारठले, आणखी कातडं. तान्हं रडतंय, आणखी कातडं. रेनडिअरच्या पायाचं कातडं तर सगळ्यांत सरस. बारीक, दाट केसांचं, वाऱ्याला दाद न देणारं. सुन्नानंही तेच केलं. तिनं दोन्ही मुठींवर पायाच्या कातड्याची टोपडी शिवून चढवली, केस बाहेर. वर सासूनं शिवलेले हातमोजे, तेही त्याच कातड्याचे, तेही केस बाहेर. योव्नानं बघितलं आणि म्हणाला, “हँडलला पाडसं झालेली दिसतात.” पण मनातून त्यालाही ते बरोबरच वाटलं. गावातल्या कुणालाही बरोबरच वाटलं असतं.

त्या दिवशी बोटं पूर्वीपेक्षाही लवकर गेली.

सुन्ना स्कूटरवर तशीच बसून राहिली. इंजिन गुरगुरत होतं, माद्या पुढे बर्फ उकरून खालचं शेवाळ शोधत होत्या आणि वरून बारीक बर्फ पडत होता. तिला रडू येत होतं, आणि रडायचा रागही येत होता. एवढी वर्षं, एवढे हिवाळे, आणि आता हे तीन-चार बोटांचं मांस तिला घरी बसवणार? हातमोजा दातांनी ओढून काढून तिनं तो हँडलवर आपटला. तेव्हा तिला दिसलं. सीटवर बर्फ साचला होता, काचेवर साचला होता, ब्रेकच्या दांड्यावरही. पण हँडलच्या मधल्या उघड्या लोखंडावर, मुठीला लागून असलेल्या भागात, पाण्याचे थेंब होते. तिथं पडलेला बर्फ वितळत होता.

तिनं ओठ टेकवून पाहिले, बोटांना काही कळत नव्हतं म्हणून. लोखंड कोमट होतं.

“अरे हरामखोरा,” ती हँडलला म्हणाली. “माझी ऊब तू खातोयस होय!”

मग तिनं कातड्याचं टोपडं उपसून मुठीवर ओठ लावले. मूठ चांगली गरम होती. तिच्या हाताला मात्र त्यातलं काही पोचत नव्हतं. मधे कातड्याचे दोन थर होते आणि ते कातडं आपलं काम चोख करत होतं. थंडीला आत येऊ देत नव्हतं आणि ऊबेलाही. अशी अडवलेली ऊब मग जाणार कुठे? लोखंडात. लोखंड आतून पोकळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वारा खेळतोय. सुन्ना होडीवाल्याची पोर होती. भोक कुठं आहे हे कळलं की तिला अर्धं काम झाल्यासारखं वाटायचं.

त्या संध्याकाळी तिनं स्वयंपाकाच्या टेबलावर हँडल ठेवलं. योव्ना नळीची हाडं फोडत होता, त्याला तिनं ताटासकट बाजूला सारलं. धारदार सुरीनं मुठी लोखंडावरून सोडवल्या, तारांना धक्का न लावता. मग ती कोठीतून भूर्जाची साल घेऊन आली. तिकडे भूर्जाच्या सालीचं काय करत नाहीत! डबे करतात, छपरं शिवतात, सुरीच्या मुठीत चकत्या घालतात, कारण सालीच्या मुठीची सुरी कितीही थंडीत हाताला चटका देत नाही. लहानपणापासून अशी सुरी कमरेला असून तिला हे आत्ता सुचलं, याचा सुन्नाला मनस्वी राग आला. तिनं साल सोलून कागदाएवढी पातळ केली, ती लोखंडावर घट्ट गुंडाळली, वरून ते तारांचं आवरण आणि त्यावर रबर. आणि दांड्याच्या दोन्ही उघड्या तोंडांत तिनं सुकं गवत ठासलं, बुटात घालतात तेच, मऊ करून पिळून ठेवलेलं.

“माझ्या बुटातलं गवत घेतलंस?” योव्नानं विचारलं.

“तुझे बूट कुठं जातात? कोठीपर्यंतच ना?”

“ते लागलं हं मला.”

“लागू दे. हे टोक धर.”

मुठी आता जास्तच गरम व्हायला लागल्या. पण पहिल्याच चढावर डावी मूठ सालीसकट गोल फिरली आणि सुन्ना बर्फात तोंडावर पडली. कुत्रा मुस्ती येऊन तिच्या कानात भुंकून गेला, जणू तिला सांगायलाच हवं होतं. तिनं घरी येऊन साल काढली आणि ती पुन्हा गुंडाळताना रेनडिअरच्या स्नायूच्या धाग्यानं आवळली, गाठी एका रांगेत ठेवून, म्हणजे रबराला आत पकड मिळेल. तर रबर त्यावर चढेना. साबण लावला, गरम पाणी लावलं, योव्नाला ओढायला लावलं, योव्नाच्या पाठीत चमक भरली, आणि मग शेवटी चढलं. यातच आठवडा गेला. पुढे पाऊण हिवाळा ती असंच काढत घालत राहिली. सालीचे दोन थर जाड होतात, मूठ हातात मावत नाही. एक थर कमी पडतो. जोड खालच्या बाजूला आला की तिथून पाणी शिरतं. लेमेत दर वेळी म्हणायचा, “पुरे आता, चांगलं झालंय.” आणि ती म्हणायची, “तुझ्या हाताला चांगलं झालंय.”

राहिले हातमोजे.

ते गारेननं शिवलेले होते. म्हातारीची नजर आता अधू झालेली, तरी टाके असे की बोट फिरवलं तर लागायचे नाहीत. सुन्नानं बराच वेळ ते मांडीवर घेऊन ठेवले. मग सुरी घेतली आणि दोन्ही हातमोज्यांचे तळवे कापून काढले. अंगठ्याचं पोटही कापलं. तिथं तिनं पाडसाचं कमावलेलं, केस काढलेलं पातळ कातडं शिवलं. हाताच्या पाठीवर दाट केस, तळव्यावर जवळजवळ काहीच नाही.

गारेनला ते दिसायचं तेव्हा दिसलंच. तिनं हातमोजा उचलला, उलटा केला, तळव्यावरून बोट फिरवलं आणि तिचा आवाज चढला.

“हे काय केलंस? पोट फाडलंस माझ्या मोज्याचं?”

“हो, आई.”

“पायाचं कातडं आहे ते! त्या जनावराच्या पायाला कधी थंडी वाजलेली बघितलीस?”

“नाही बघितली. पण त्याच्या पायाला बाहेरून ऊब द्यायला कुणी जात नाही ना. मला त्या मुठीची ऊब आत यायला हवीय, आणि तुमचं कातडं तिला दारातूनच हाकलून देतं. इतकं चांगलं शिवलंय तुम्ही.”

“गोड बोलू नकोस.”

“गोड नाही. खरं तेच सांगतेय.”

“आणि स्कूटर बंद पडली तर? तळवा उघडा घेऊन घरी येशील?”

म्हातारी चुकीचं बोलत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून सुन्ना न कापलेल्या मोज्यांची एक जोडी छातीशी ठेवून फिरायला लागली. पण गारेन तिच्याशी बरेच दिवस तुटक बोलत होती, आणि ‘आमच्या घरात मोजे फाडायची पद्धत नव्हती’ हे वाक्य येणाऱ्या प्रत्येक बाईला ऐकवत होती.

वसंत आला. माळावर कडक ऊन आणि कडक गारठा, दोन्ही एकदम. निघायच्या सकाळी इस्सात सुन्नाच्या स्कूटरपाशी येऊन थांबला. त्यानं मुठीकडे पाहिलं, मोज्यांकडे पाहिलं.

“मोजे उंदरांनी खाल्ले वाटतं.”

“हो. उंदीर मोठा होता, भाऊजी.”

“हात?”

तिनं मोजा काढून बोटं त्याच्यासमोर नाचवली. लाल होती. इस्सात ती बघून म्हणाला, “आज घाट आहे. वर वारा असेल. घाटापर्यंत ये. तिथं बोटं गेली तर स्कूटर दुसऱ्याला द्यायची आणि आईबरोबर सामानाच्या घसरगाडीत बसायचं. वाद नको.”

“आणि नाही गेली तर?”

“तर बघू,” तो म्हणाला आणि स्वतःच्या स्कूटरकडे गेला.

पुढे इस्सात, त्याच्या स्कूटरला दोरीनं बांधलेला पुढारी रेनडिअर, थोराड आणि माणसाळलेला. तो जाईल तिकडे कळप जातो. दोन्ही अंगांना दोघंजण, आणि सगळ्यांत मागे सुन्ना, पायी चालण्याच्या वेगानं. घाटाच्या पायथ्याशी वारा सुरू झाला. सुन्नानं बटण कमी-जास्त केलं नाही, थांबली नाही, हात झटकले नाहीत. तळव्यातून पातळशी, बेताची ऊब येत होती. भाकरी काही भाजली नसती तिच्यावर. पण ती येत होती, न थांबता येत होती, आणि अंगठा तिचं ऐकत होता. दाबला की दाबला, उचलला की उचलला. मधेच ती मोठ्यांदा हसली. मुस्तीनं मागे वळून पाहिलं.

घाटाच्या माथ्याखाली कळप थांबला. पुढून काही कळेना. माद्या अस्वस्थ होऊन माना वळवायला लागल्या, आणि पोटुशी मादी एकदा मागे फिरली की बाकीच्यांना वाट सापडते. सुन्नानं मुस्तीला माद्यांच्या मागे राखणीला बसवलं आणि कळपाच्या कडेनं हळूहळू वर गेली.

इस्सातची स्कूटर एका खडकाच्या आडोशाला भुसभुशीत बर्फात रुतली होती. पुढारी बाजूच्या घळीत घसरला होता. दोरी पुढच्या पायातून निघून मानेभोवती आवळली होती आणि त्याचे डोळे पांढरे झाले होते. इस्सात त्याच्या मानेशी गुडघ्यावर बसला होता, मोजे काढून, गाठीशी झटापट करत.

“कापा ना!” सुन्ना वाऱ्यात ओरडली.

“कापली की हा खाली पळेल. सगळा कळप नेईल मागे.”

ते खरंच होतं. गाठ सैल करायला हवी होती आणि दोरी हातात राहायला हवी होती. सुन्ना त्याच्या शेजारी वाकली आणि तिनं त्याची बोटं पाहिली. गाठीवरून घसरत होती. पकडायचा प्रयत्न करत होती आणि घसरत होती. दोन्ही हातांची, सगळी, नखांपासून मुळापर्यंत मेणबत्तीसारखी पांढरी.

तिनं त्याचे हात बाजूला केले, आपले मोजे काढले, आणि गोठलेल्या गाठीत नख घातलं. नख तुटलं, ते तिला दुखलं, आणि ते दुखलं म्हणून तिला आनंद झाला. दुसऱ्या बोटानं धागा उचलला, दातांनी ओढला, पुन्हा बोटानं. गाठ सैल झाली. पुढाऱ्यानं एक मोठा श्वास ओढला आणि तो थरथरत उभा राहिला. सुन्नानं दोरीचं टोक इस्सातच्या मनगटाभोवती दोनदा गुंडाळलं, बोटांना पकडता आलं नसतं म्हणून. मग तिनं छातीशी ठेवलेले न कापलेले मोजे काढले, त्याच्या हातांवर चढवले आणि त्याची स्कूटर ढकलून बाहेर काढली.

“मागे जा,” इस्सात म्हणाला. “माद्या वळतील.”

ती मागे गेली. माद्या वळल्या नाहीत.

संध्याकाळी घाटापलीकडे तंबू लागले. खाली दूर समुद्राची काळी रेघ दिसत होती. गारेन शेकोटीपाशी कातडं अंथरून बसली होती, सुन्ना मांस उकळत होती, तेवढ्यात इस्सात आत आला आणि न बोलावता बसला. सुन्नानं त्याला कॉफी दिली. त्यानं कप दोन्ही तळव्यांत धरला, बोटांनी नव्हे. आता तिला ते दिसत होतं. इतकी वर्षं तो कप तसाच धरत आला होता, आणि कुणी पाहिलं नव्हतं.

“किती वर्षं झाली, भाऊजी?”

इस्सातनं कप खाली ठेवला. “तू या घरात आलीस त्याच्या आधीपासून.”

सुन्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं डाव खाली ठेवला. “आणि मला घरी बसवायला निघाला होतात? चार घरांसमोर? तुमच्या स्वतःच्या हातात जीव नाही आणि माझे हात तपासत होतात?”

“हो.”

“का?”

“सगळे तुझ्या हातांकडे बघत होते तोवर माझ्याकडे कुणी बघत नव्हतं,” इस्सात म्हणाला. एवढा मोठा माणूस, पण मान वर करवत नव्हती त्याला. “मला वाटलं, तू कळप सोडशील तेव्हा कळेल, सोडल्यावर माणसाचं काय होतं ते. मग मी माझं ठरवीन.”

सुन्नाला त्याला बाहेर हाकलावंसं वाटत होतं, आणि तिला त्याची दयाही येत होती, आणि दया येते म्हणून आणखी राग येत होता. मग तिला घाटावरच्या त्या बोटांची आठवण झाली, गाठीवरून घसरणाऱ्या.

“उद्या स्कूटर इकडे आणा,” ती म्हणाली. “भूर्जाची साल आहे माझ्याकडे. मुठी सोडवायला वेळ लागतो, घाई करायची नाही. आणि कळपाचं शेपूट माझं. या वर्षी, पुढच्या वर्षी, मी नको म्हणेन तोपर्यंत. चारही घरांसमोर सांगायचं, जसं ते सांगितलं होतंत.”

“सांगतो.”

“आणि कशामुळे तेही सांगायचं.”

त्याला ते जड गेलं. पण त्यानं मान हलवली.

मुलगा बोलत असताना गारेननं एकदाही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. आता तिनं हात लांब करून त्याच्या मांडीवरचे त्याचे मोजे उचलले. तेही तिनंच शिवलेले, पायाच्या कातड्याचे, नवेकोरे म्हणावेत असे. तिनं ते उलटे केले, तळव्यावर अंगठ्यानं शिवण चाचपली आणि कमरेची सुरी काढली.

“आई, ते चांगले आहेत,” इस्सात म्हणाला.

“गप्प बस,” गारेन म्हणाली आणि तळव्यात सुरी खुपसून सरळ खाली ओढली. “सुन्ना, ते पाडसाचं पातळ कातडं कुठं ठेवलंयस? आण इकडे. आणि सुईत धागा ओवून दे, मला दिसत नाही.”

सुन्नानं शेकोटीच्या उजेडात सुई धरली. बोटं अजून लाल होती. धागा पहिल्याच खेपेला आत गेला.